सोनवणे बाई आणि लाल हळद

सोनवणे बाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी चहा घ्यायच्या नाहीत, आधी पर्स उघडायच्या. पर्समध्ये पैसे थोडे आणि पिवळ्या कागदाच्या पट्ट्या फार. पट्ट्या त्या घरीच करायच्या. टिपकागद हळदीच्या पाण्यात बुडवायचा, दोरीवर वाळवायचा आणि कात्रीने कापायचा. मोरीतला साबण, भांडी घासायची पावडर, फरशी पुसायचं पाणी, दिसेल त्यात एक पट्टी बुडवून बघायच्या. लाल झाली की मान हलवून म्हणायच्या, "आम्लारी." पिवळीच राहिली की म्हणायच्या, "हिनं काही सांगितलं नाही." तोवर घरातली बाई चहाचा कप हातात धरून ताटकळत उभी. माझी माय तर एकदा तोंडावर म्हणाली, "बाई, तुम्ही पाहुण्या म्हणून येता का तपासणीला येता?" बाई म्हणाल्या, "दोन्ही. साखर कमी घाला."

त्या मला सातवीला विज्ञानाला होत्या. आमची शाळा मराठी माध्यमाची, सुरतमधली. भेस्तानच्या आमच्या सोसायटीत निम्मी घरं खानदेशातली. कुणी लूमवर, कुणी डाइंग मिलमध्ये, बायका घरी बसून साड्यांना लेस लावणाऱ्या. पोरं घरात अहिराणी, रस्त्यावर हिंदी, दुकानात गुजराती आणि वर्गात मराठी बोलायची. बाई 'आम्ल' म्हणाल्या की पोरं 'एसिड' म्हणायची. इतर शिक्षक त्यावरून चिडायचे, बाई चिडायच्या नाहीत. "नाव काहीही ठेवा, फक्त त्याच्यात बोट घालू नका," म्हणायच्या.

चिडायच्या त्या दुसऱ्याच गोष्टीला. वर्गात एकदा टेबलावर ग्लासांची रांग मांडली होती. सगळ्यांत पाण्यासारखंच काहीतरी. एकात लिंबाचा रस पाणी घालून गाळलेला, एकात धुण्याचा सोडा, एकात मीठ, एकात नुसतं पाणी. ओळखा म्हणाल्या. माझ्या शेजारच्या पोरीने शहाणपणा केला, ग्लास उचलून ओठाला लावला. बाई तीन बाक ओलांडून आल्या आणि तिच्या हातावर अशी चापट मारली की ग्लास भिंतीवर जाऊन फुटला. बाईंचा चेहरा पांढराफटक. "जिभेला विचारायचं नाही," एवढंच म्हणाल्या. "हजार वेळा सांगेन. जिभेला विचारायचं नाही." त्या पोरीपेक्षा बाईच जास्त थरथरत होत्या. आम्हाला वाटलं, बाई डोक्यानं जरा हलल्यात.

घरी येऊन मी मायला सांगितलं, तेव्हा माय पदराला हात पुसत हळूच म्हणाली, "तिचा नवरा असाच गेला ना गं." मग सगळं कळलं. बाईंचे यजमान सुरतजवळच्या सचिन गावी एका केमिकलच्या कारखान्यात कामाला होते. कुणीतरी ॲसिड पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, तहानलेला माणूस, दिसायला पाणीच. एक घोट घेतला. बाई तेव्हा ऐन तिशीत, मुलगा लहान. घरात बुद्धाची एक छोटी मूर्ती होती, तिच्यासमोर त्यांनी यजमानांचा फोटो ठेवला आणि दुसऱ्या महिन्यात शाळेत रुजू झाल्या.

तेव्हापासून हळदीच्या एकट्या पट्टीवर त्यांचा भरवसा नव्हता. कारण हळद आम्लारीला ओळखते, आम्लापुढे गप्प बसते. ॲसिडमध्ये बुडवा की पाण्यात बुडवा, ती पिवळीच. म्हणून त्यांना जास्वंद लागायची. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळली की तो कागद आम्लात गडद गुलाबी होतो आणि आम्लारीत हिरवा. "एका साक्षीदारावर निकाल द्यायचा नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि हा दुसरा साक्षीदार त्या राजरोस आमच्या कुंडीतून तोडून न्यायच्या. गणपतीला वाहायचं फूल हो! माय सकाळी परडी घेऊन बाहेर यायची आणि झाड भुंडं. मग शाळेच्या दिशेने तोंड करून जो उद्धार चालायचा! संध्याकाळी बाई आल्या की माय तणतणायची, "देवाचं फूल चोरता, लाज नाही वाटत?" बाई शांतपणे म्हणायच्या, "एवढ्या पोरांचे जीव वाचले तर देव रागावेल असं वाटत नाही मला. आणि रागावला तर माझं नाव सांगा."

खरं सांगते, मला त्या आवडायच्या, पण त्यांची कटकटही व्हायची. जाईल तिथे संशय. दुधावर संशय, तेलावर संशय, बोअरच्या पाण्यावर संशय. माझं लग्न झालं, मी त्याच गल्लीत दोन घरं सोडून राहायला गेले, बाई निवृत्त झाल्या, तरी पर्समधल्या पट्ट्या काही गेल्या नाहीत. बाई गेल्या त्याला आता वर्ष होईल. गल्लीतल्या नव्या सुनांना त्यांचं नावही माहीत नाही, आणि मला ते सहन होत नाही. म्हणून माझ्या धाकट्या बहिणीच्या, वैशालीच्या हळदीच्या दिवशी काय झालं ते सांगते. बाई काय चीज होत्या ते त्यावरून कळेल.

वैशालीचं जमलं कडोदऱ्याच्या मुलाशी. मुलगा चांगला, आमच्याकडचाच, लूमच्या कारखान्यात मेकॅनिक. लग्न हिवाळ्यातलं. घरी मांडव घातला, पाहुणे आले, आणि पाण्याची वानवा सुरू झाली. महापालिकेचं पाणी सकाळी थोडा वेळ येतं, ते प्यायला आणि स्वयंपाकाला. वापरायला बोअरचं. ते साठवायला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, भंगारवाल्याकडून एक निळा ड्रम आणला. आपल्याकडे सगळेच आणतात. सुरतमध्ये असं लग्न दाखवा की जिथे मांडवाच्या मागे निळा ड्रम नाही! आबा मिलमध्येच कामाला, पण फोल्डिंग खात्यात. कापडाच्या घड्या घालणाऱ्या माणसाचा केमिकलच्या गोदामाशी काय संबंध? त्यांनी ड्रम आतून हुंगून बघितला. वास नाही. तळाला पांढरं पांढरं बसलेलं होतं. आमच्या बोअरच्या पाण्याचा क्षार असाच बसतो, बादलीला, नळाला, बायकांच्या केसांना. आबांना वाटलं, तोच. ड्रम विसळला आणि आदल्या संध्याकाळी हळदीच्या आंघोळीसाठी भरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कडोदऱ्याहून उष्टी हळद आली. आमच्यात आधी नवरदेवाला हळद लागते, मग त्याच्या अंगची उरलेली हळद त्याच्याकडच्या बायका वाजतगाजत नवरीकडे आणतात. तीच नवरीला लावायची. सोबत नवरदेवाची आई होती आणि त्याची आत्या होती. आई गरीब स्वभावाची, बोलायला घाबरणारी. आत्याबाई म्हणजे अंगभर दागिने आणि घरात शब्द तिचाच. आल्या आल्या तिने मांडव लहान आहे म्हणून सांगितलं. मी पाय आपटत सरबत आणायला गेले, कारण उत्तर जिभेवर आलं होतं.

सोनवणे बाई मांडवाच्या मागच्या कडेला, आमच्या दाराच्या पायरीवर बसल्या होत्या. मायने बोलावलं होतं, पण हळदीला पुढे ये असं म्हटलं नव्हतं. बाईंनीही विचारलं नव्हतं. विधवा बाईने हळदीच्या पाटाजवळ यायचं नाही, हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. त्या आपल्या ताटात अक्षता निवडत बसल्या होत्या.

वैशाली पाटावर बसली. सवाष्णींनी तेल-हळद लावली. पावलांना, गुडघ्यांना, हातांना, गालांना. हळद घट्ट होती, सुरेख पिवळी. माझ्या काकूने ड्रममधून तांब्या भरून आणला आणि वैशालीच्या हातांवर, खांद्यांवर पाणी सोडलं. आणि हळद लाल झाली.

थोडी नाही हो. लालभडक. पाणी जिथून ओघळलं तिथून लाल ओघळ, दंडावर, कोपरावर, मनगटावर. गालावर शिंतोडे उडाले होते तिथे लाल ठिपके. गाणं म्हणणाऱ्या बायका मध्येच थांबल्या. काकूच्या हातातला तांब्या तसाच वाकडा. मग आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं माय वं! हळदीत रगत उतरलं!"

"हाई काय व्हयनं, काय झालं?" माय पुढे धावली.

"काय व्हयनं काय विचारता? हीच हळद तासापूर्वी आमच्या पोराला लावली. हीच वाटी. त्याच्या अंगावर सोन्यासारखी पिवळी होती. विचारा सगळ्यांना. तुमच्या पोरीच्या अंगाला लागली आणि रक्त झालं. मग खोट कुणात आहे?"

आत्याबाईंचं बोलणं खोडायला जागाच नव्हती. हळद तीच, वाटी तीच, बदललं काय तर अंग. दिसत होतं ते तसंच दिसत होतं. अंगाला हळद लागून मोडलेलं लग्न म्हणजे काय, हे आमच्या समाजात लहान पोरीलाही कळतं. पुन्हा त्या मुलीला कुणी विचारत नाही. जन्मभर ती 'हळद लागलेली' म्हणून घरात बसते. आणि इथे तर मोडण्याचं कारण असं की ते सुरतपासून जळगावपर्यंत प्रत्येक घरात सांगितलं जाणार. आबा एका खुर्चीवर बसले ते बसलेच. वैशालीने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते आणि ती म्हणत होती, "ताई, आग होतेय गं. हातांची आग होतेय." मी म्हटलं, "घाबरू नको." मीच घाबरले होते.

आत्याबाई म्हणाल्या, "तिला आत न्या, आंघोळ घाला, सगळं धुऊन काढा. मग उरलेली हळद आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा लावा. पिवळी राहिली तर राहिली. लाल झाली तर आम्ही निघालो."

मायला तेवढंच हवं होतं. बुडत्याला काडीचा आधार. मागे शेगडीवर मोठ्या टोपात आंघोळीचं पाणी तापतच होतं, त्याच ड्रममधलं. माय आणि काकूने वैशालीला दंडाला धरून उठवलं आणि बाथरूमकडे ओढत नेलं. दोघी मोठ्याने म्हणत होत्या, धुऊन टाका, आधी धुऊन टाका. दोन पोरं टोप उचलून आत ठेवून गेली. वाफ येत होती.

तेवढ्यात बाथरूमच्या दारात सोनवणे बाई उभ्या. कधी उठल्या, कधी आल्या, मला कळलंच नाही. दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या. "पाणी कुठलं आहे?" त्यांनी विचारलं.

"बाई, बाजूला व्हा," माय म्हणाली.

"पाणी कुठलं ते सांग आधी."

"ड्रममधलं! आता हे विचारायची वेळ आहे का? माझ्या पोरीचं लग्न मोडतंय!"

"मोडू दे," बाई म्हणाल्या. "हे पाणी तिच्या अंगावर जाणार नाही."

मायचा तोल गेला. तिने बाईंना ढकललं. खरंच ढकललं. बाईंचं डोकं चौकटीवर आपटलं, पण त्या हलल्या नाहीत. काकू ओरडली. आत्याबाई मागून आल्या आणि बाईंच्या कपाळाकडे, गळ्याकडे बघून म्हणाल्या, "ही कोण? विधवा ना ही? हिला हळदीत कुणी येऊ दिलं? आता समजलं मला कसं झालं ते."

मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. पण तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे बघितलं, वर्गात बघायच्या तसं. "रेखा, प्यायच्या पाण्याच्या हंड्यातलं पाणी आण. नळाचं. जेवढं असेल तेवढं. धावत." मी धावले. सातवीतली सवय, दुसरं काय! वाटेत स्वयंपाकघरात लिंबं दिसली. डोकं चाललं माझं. आम्लारीवर आम्ल! अर्धं लिंबू कापून घेऊनच आले आणि वैशालीच्या हातावर पिळायला गेले तर बाई कडाडल्या, "अंगावर लिंबू नाही! अंगावर फक्त पाणी. भरपूर साधं पाणी!"

मी हंडा वैशालीच्या हातांवर, गालांवर रिकामा केला. शेजारच्या घरातून दुसरा आणला, तोही ओतला. लाल रंग वाहून गेला आणि खालची कातडी दिसली. तीही लाल होती, उकळत्या पाण्याने भाजल्यासारखी. वैशालीचा श्वास जरा खाली बसला. मायने ती कातडी बघितली आणि तिचा हात तोंडावर गेला.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. त्यांच्या कानामागून रक्ताची बारीक धार येत होती, त्यांना पत्ता नव्हता. "ड्रममध्ये काहीतरी होतं. बहुतेक मिलमधला कॉस्टिक सोडा, जहाल आम्लारी. त्याला हळद लागली की ती लाल होते. पोरीत काही खोट नाही. पाण्यात आहे."

"हे तुम्ही म्हणता," आत्याबाई म्हणाल्या. "बोअरचं पाणी आम्ही पण वापरतो. आमची हळद नाही लाल होत."

"बोअरच्या पाण्याने होतच नाही. या गल्लीतलं प्रत्येक बोअर मी तपासलंय." बाईंनी मांडवात येऊन पाटाजवळची वाटी उचलली, हातावर हळद लावली, कोपरापर्यंत. तांब्यातलं उरलेलं पाणी त्यावर सोडलं. सगळ्या बायका पुढे सरकल्या. बाईंचा हात लाल झाला.

मी सुटकेचा श्वास टाकणार तोच आत्याबाई म्हणाल्या, "होणारच. विधवेच्या अंगाला हळद लागली तर दुसरं काय होईल?"

आणि गंमत बघा, बायकांनी माना हलवल्या. आमच्याच बायकांनी! मी बाईंकडे बघितलं. त्यांचा लाल हात हवेत तसाच होता आणि त्याची आग होत असणार, पण त्या पुसत नव्हत्या. मग त्यांनी देवापुढच्या तबकातलं जास्वंदीचं फूल उचललं, पाकळी पांढऱ्या रुमालावर चोळली आणि वर ड्रमच्या पाण्याचा थेंब टाकला. डाग हिरवा झाला. "हा दुसरा साक्षीदार," म्हणाल्या. "या फुलाचं तर कुणाशी लग्न झालेलं नाही ना?"

आत्याबाई म्हणाल्या, "फुलाबिलाचं मला सांगू नका. अंगावरचं बोला."

"मग तुमचा हात द्या," बाई म्हणाल्या.

आत्याबाईंनी हात पदराखाली घेतला. भीती होती हो तिच्या डोळ्यांत. समजा, लाल झाला तर? एवढ्या सवाष्णींसमोर? वैशाली भिंतीला टेकून ओल्या कपड्यांत थरथरत उभी, आबा खुर्चीवर गोठलेले, आणि तिकडे रस्त्यावर टेम्पोचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, कारण परत जायची वेळ झाली होती.

"माझा घ्या," कुणीतरी म्हणालं.

नवरदेवाची आई. दिवसभरात तिचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. आत्याबाई ओरडल्या, "वहिनी, वेड लागलं का?" पण तिने दोन्ही तळवे पुढे केले. तिलाही खात्री नव्हती, हे मला पक्कं दिसत होतं. तरी तिने हात पुढे केले. बाईंनी दोन्ही तळव्यांवर हळद लावली. डाव्या तळव्यावर नळाच्या पाण्याचे चार थेंब टाकले. पिवळा. उजव्या तळव्यावर ड्रमच्या पाण्याचे.

लाल झाला.

तिने डोळे मिटून घेतले. मग एक एक डोळा उघडून एकदा या तळव्याकडे, एकदा त्या तळव्याकडे बघितलं. बाईंनी लगेच उजव्या हातावर हंडाभर पाणी ओतलं आणि ओतत राहिल्या. ती बाई म्हणाली, "हे बघा. माझ्यात खोट आहे का? लग्नाला तीस वर्षं झाली माझ्या." आत्याबाईंनी तोंड फिरवलं. काकू मात्र आता एकदम शूर झाली, म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं पाणी गढूळ आहे!" मी तिच्याकडे असं बघितलं की ती मुकाट्याने आत गेली.

आबा उठून ड्रमपाशी गेले. ड्रमच्या कडेला हात टेकवून उभे राहिले. "मी आणला," म्हणाले. "मला वाटलं क्षार आहे. मन्ही पोरले, माझ्याच पोरीला मी..." पुढचं बोलवेना. बाथरूममधला टोप त्यांनी दारातून बघितला, त्यातून अजून वाफ येत होती, आणि म्हातारा मटकन खाली बसला. बाईंनी त्यांच्याजवळ जाऊन सांगितलं, "रडायचं नंतर. आधी झाकण लावा, कुणी हात धुवायला नको. आणि ओतू नका, पोरं अनवाणी फिरतायत." आबांनी झाकण लावलं आणि वर स्वतः बसून राहिले, कुणी उघडू नये म्हणून.

गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी वैशालीचे हात बघितले. थोडक्यात निभावलंय, म्हणाले. गरम पाणी डोक्यावरून घेतलं असतं तर डोळ्यांचं काही सांगता आलं नसतं. माय हे ऐकून बाईंच्या पायाशी जाऊन बसली. बाई म्हणाल्या, "ऊठ गं. डोकं माझं दुखतंय, तू कशाला रडतेस?"

आता राहिली होती हळद. नवरदेवाची आई म्हणाली, उरलेली लावू या, उशीर होतोय. नव्या पाण्याने कालवली. बाईंनी सांगितलं, हातांना नको, गालांना नको, नुसती पावलांना लावा. वैशाली कोरडी साडी नेसून पुन्हा पाटावर बसली. सवाष्णी पुढे झाल्या. बाई उठून आपल्या पायरीकडे निघाल्या.

"पहिला हात सोनवणे बाईंचा," वैशाली म्हणाली.

सगळं पुन्हा थांबलं. आता कुठे गाडी रुळावर आली होती आणि ही पोरगी! मायने डोळे वटारले. आत्याबाईंना तर हवंच होतं, त्या ताडकन उठल्या. "हे चालणार नाही. एवढं सगळं ऐकून घेतलं, पण हे चालणार नाही. विधवेच्या हातची पहिली हळद लावलेली सून आमच्या घरात येणार नाही."

"मग नाही येत," वैशाली म्हणाली. आमची वैशाली! जिला दुकानात सुटे पैसे मागायला लाज वाटते ती. "त्या दारात उभ्या राहिल्या नसत्या तर तुम्ही उद्या आंधळी सून नेली असती. नाहीतर नेलीच नसती. बाईंचा हात लागेल, नाहीतर हळद नको."

बाई घाबरल्या. डोकं फुटताना घाबरल्या नव्हत्या, आता घाबरल्या. "वैशाली, वेडेपणा करू नको. मी हे मानत नाही, तुला माहितेय. मला काही फरक पडत नाही."

"मी मानते, बाई," वैशाली म्हणाली. "मला पडतो."

सगळे नवरदेवाच्या आईकडे बघू लागले. तिने आपल्या उजव्या तळव्याकडे बघितलं, तिथे अजून लाली होती. मग वाटी उचलली आणि नणंदेकडे पाठ करून ती बाईंच्या पुढे धरली. "लावा, बाई."

बाई पाटासमोर खाली बसल्या. वाटीत बोटं बुडवली. वर्गात उकळतं चंचुपात्र उघड्या हाताने उचलणारी बाई ती, पण तिची बोटं इतकी थरथरत होती की हळद वाटेतच साडीवर सांडली. त्यांनी वैशालीच्या दोन्ही पावलांना हळद लावली. मी तांब्यातून नळाचं पाणी सोडलं. आणि सगळा मांडव त्या पावलांकडे बघत राहिला. मीही बघत होते, श्वास रोखून. मला सगळं माहीत असून.

पिवळी. पिवळीच राहिली. बायकांनी गाणं पुन्हा सुरू केलं. आत्याबाई टेम्पोत जाऊन बसल्या, बसू दे. मी बाईंना हाताला धरून उठवलं तेव्हा त्यांचा हात बर्फासारखा गार होता, आणि माझ्या लक्षात आलं की त्यासुद्धा श्वास रोखून बघत होत्या. पायरीवर नेऊन बसवलं, कानामागचं रक्त पुसलं. मला राहवेना. म्हटलं, "बाई, तुम्ही कशाला घाबरलात? तुम्हाला तर माहीत होतं ना, लाल होणार नाही म्हणून?"

बाईंनी आपल्या पिवळ्या बोटांकडे बघितलं. "हळदीचं माहीत होतं गं," त्या म्हणाल्या. "ते गेल्यापासून सगळे सांगत आले, तुझा हात वाईट. या हाताची तपासणी कधी कुणी होऊ दिली नव्हती."

मी हात धुवायला पाणी आणून ठेवलं. बाईंनी धुतले नाहीत. जेवणाची पंगत उठेपर्यंत तो हात तसाच मांडीवर उताणा ठेवून त्या बसून होत्या.